टायरचे दात बघा: ड्युअल-स्पोर्ट गाडीला नवीन टायर घेताना

काष्टीतून बोलतोय. ऑडिओत मागं जो गलका ऐकू येतोय तो आमच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजाराचा. आज मुद्दामच बाजाराच्या कडेला बसून रेकॉर्ड केलंय, का ते पुढे कळेलच. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं आहे त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

आजचा विषय आहे टायर. तुमच्याकडे एक्सपल्ससारखी छोटी ड्युअल-स्पोर्ट गाडी आहे, म्हणजे डांबरावरही चालते आणि रानातही जाते. कंपनीचे टायर झिजलेत. आता नवीन कोणते टाकायचे? यूट्यूबवर विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या ब्रँडचं नाव सांगतो. मी आज एकाही टायर कंपनीचं नाव घेणार नाही. निवडायचं कसं एवढंच सांगणार आहे. कारण मी एकदा चुकीचं निवडलं आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

झालं काय होतं

माझी गाडी एक्सपल्स २०० ४व्ही. २०२३ च्या मे महिन्यात कंपनीचे टायर संपले. मी काय केलं? रील बघितले. मोठमोठी बटणं असलेले टायर, ज्याला आपल्याकडे बटण टायर म्हणतात, ते बघितले आणि डोक्यात बसलं की हेच पाहिजेत. एका दुकानात स्वस्तात मिळाले, लगेच बसवून घेतले. गाडी अशी काही दिसायला लागली की विचारू नका. चौकात पोरं फोटो काढायची.

जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना दौंड स्टेशनला सोडायला निघालो. रस्ता ओला, वर्षभराची धूळ आणि तेल भिजून वर आलेलं. वेग काही फार नव्हता, पन्नासच्या आत. पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला, मी घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबला. माझ्या गाडीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक लॉक झालं आणि गाडीचं बूड एका बाजूला गेलं. आम्ही दोघं रस्त्यावर.

मला खरचटलं. आप्पांचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, तेही ऐन पेरणीत. त्या वर्षीची पेरणी त्यांनी बांधावर बसून बघितली.

मला वाटलं आता गाडी विकायला सांगतील. ते एवढंच म्हणाले, "गाडी चांगली हाय रं. पायताण चुकलं."

ब्रेक दाबण्यात माझीही चूक होती, ते कबूल आहे. पण त्या दिवशी पायताणानं मला सावरायला काहीच मदत केली नाही. एबीएस असो की भारी डिस्क असो, रस्ता धरायचं काम शेवटी टायरच करतो. टायरकडे जेवढी पकड असेल तेवढीच ब्रेकला वापरता येते.

बटणं चिखलात चालतात, मग डांबरावर काय होतं?

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं सोपं होईल.

टायरवर उंच बटणं आणि त्यांच्यात रुंद खाचा असल्या की ती बटणं मऊ जमिनीत रुततात आणि ढकलायला आधार मिळतो. खाचा रुंद असल्यानं चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. आपल्या काळ्या मातीत तर हे फारच महत्त्वाचं. काळी माती चिकट. खाच अरुंद असेल तर ती दहा फुटांत भरते, आणि मग टायर कितीही भारी असो, तो गुळगुळीत गोळा होतो.

आता तोच टायर डांबरावर आणा. बटणं आणि बटणांत मोकळी जागा, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. शिवाय उंच बटण ब्रेक मारताना, वळणावर वाकतं. कोरड्या रस्त्यावर ते फक्त हुळहुळल्यासारखं जाणवतं, ओल्या रस्त्यावर मात्र पकड लवकर सुटते. आणि तापलेल्या डांबरावर ही बटणं खडूसारखी झिजतात.

उलट रस्त्याच्या टायरला रबर जास्त टेकतं, खाचा फक्त पाणी बाहेर काढण्यापुरत्या. डांबरावर राजा, पाणंद रस्त्याच्या चिखलात मात्र भिकारी.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे सगळे टायर येतात. कंपन्या ५०:५०, ८०:२०, ९०:१० असे आकडे सांगतात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा रानाचा. फक्त एक ध्यानात ठेवा, हे आकडे ज्याची ती कंपनी ठरवते. एकाचा ५०:५० दुसऱ्याच्या ७०:३० सारखा असू शकतो. म्हणून आकडा ऐका, पण खाचा स्वतःच्या डोळ्यानं बघा.

आधी एक आठवडा वही लिहा

दुसऱ्या खेपेला मी दुकानात जायच्या आधी सात दिवस मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं, आज कुठल्या रस्त्यावर किती किलोमीटर. एकूण निघाले २१०. त्यात डांबर आणि सिमेंट १७२. कॅनॉलच्या भरावावरची वाट आणि मुरूम ३०. खरा चिखल, म्हणजे रानातली पाणंद, फक्त ८.

टक्क्यांत सांगायचं तर ८२, १४ आणि ४. ज्या चार टक्क्यांसाठी मी बटण टायर घेतले होते, ते चार टक्के!

पण नुसत्या टक्क्यांवरही जाऊ नका. दुसरा प्रश्न विचारा: पडलो तर कुठं महागात पडेल? चिखलात आपण दहाच्या वेगानं असतो. अडकलो तर उतरायचं, ढकलायचं, कपडे धुवायचे. ओल्या डांबरावर पन्नासनं चाललेलो असतो, मागं कुणीतरी बसलेलं असतं, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असतो. तिथं दुसरी संधी नसते. म्हणून मी रस्त्याकडे झुकणारा, पण ठळक खाचांचा टायर घेतला. कॅनॉलच्या वाटेला आणि मुरमाला तो मजेत चालतो. चिखलात कधी कधी ढकलावं लागतं, ढकलतो.

याचा अर्थ सगळ्यांनी हेच घ्यावं असा नाही. माझा मावसभाऊ वस्तीवर राहतो. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन घेऊन दोन-दोन किलोमीटर काळ्या रानातून काढतो, पावसाळ्यात दुसरा रस्ताच नाही. त्याच्या वहीत चिखल चाळीस टक्क्यांच्या वर निघाला. त्याला रुंद खाचांचाच टायर पाहिजे होता, त्यानं तोच घेतला. तो डांबरावर आला की वेग कमी करतो आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवतो. त्याचं बरोबर आहे, माझंही बरोबर आहे. चुकतो तो, जो शेजाऱ्याची वही बघून टायर घेतो.

टायरवर काय लिहिलंय ते वाचा

आता बाजाराच्या कडेला का बसलो ते सांगतो. इथं बैल घेणारा माणूस शिंगं रंगवलेली बघून पैसे देत नाही. आधी तोंड उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, त्यावरून वय कळतं. टायरलाही दात असतात, ते बाजूच्या भिंतीवर छापलेले असतात.

माप. एक्सपल्सला पुढं ९०/९०-२१ आणि मागं १२०/८०-१८. मागचं वाचू: रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. "जरा मोठा टाकू, भारी दिसेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १२०/९० टाकला तर उंची १०८ होते, गाडी मागून १२ मिलिमीटर उचलली जाते, हँडलचा स्वभाव बदलतो. रुंद टाकला तर चेन किंवा स्विंगआर्मला घासायची भीती. कंपनीनं दिलेलं माप तेच ठेवा.

वजन आणि वेग. मापाच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: ५४ म्हणजे २१२ किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. हे त्या एका टायरनं पेलायचं वजन. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८० किलोमीटर. मागं माणूस किंवा कॅन बसवत असाल तर मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका.

वय. चार आकडे एका लंबगोलात असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, साधारण जून. आप्पांच्या अपघातानंतर मी माझे टायर बघितले. ४११९. म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरचे! साडेतीन वर्षं दुकानात पडून रबर कडक झालेलं, म्हणून स्वस्त. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता माझा नियम आहे, एका वर्षाच्या आतला असेल तरच घ्यायचा.

आयएसआय. भारतात विकायच्या दुचाकीच्या टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो. तो नसेल तर टायर खाली ठेवा.

बाण. बहुतेक टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. बसवल्यावर तो बरोबर दिशेला आहे ना, ते दुकानातच तपासा.

ट्यूब विसरू नका

एक्सपल्सला आऱ्यांची चाकं आहेत, त्यामुळे आत ट्यूब. आपल्या भागात वेडी बाभूळ किती आहे ते सांगायला नको. नवीन टायर टाकताना ट्यूबही नवीन टाका, आणि आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टी बघून घ्या. ती सरकलेली असेल तर आरा आतून ट्यूबला टोचतो आणि आपण उगाच काट्याला शिव्या देत बसतो.

रानात जाताना थोडी हवा कमी केली तर पकड वाढते, हे खरं. पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वालच्या बुडाशी फाटते. ते पंक्चर निघत नाही, ट्यूबच बदलावी लागते. डांबरावर परत आलात की हवा भरा. हवेचा दाब किती ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि तो चाक थंड असताना मोजायचा.

एक युक्ती सांगतो. लांबच्या फेरीला दोन ट्यूब नेणं जमत नसेल तर २१ इंची एक ठेवा. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात घरी पोचेपर्यंत चालवता येते. पोचलात की बदला.

कधी बदलायचा?

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. झिजून टायर त्या उंचवट्यांबरोबर आला की संपला. दुचाकीसाठी नियमानं खाच किमान ०.८ मिलिमीटर लागते. पण चिखलात चालवणाऱ्यांनी तिथपर्यंत थांबू नये, बटण अर्धं झिजलं की चिखलातलं काम तिथंच संपतं.

किंमतही किलोमीटरवर काढा. समजा एक टायर ४,००० रुपयांचा आणि ६,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ६७ पैसे. दुसरा ४,५०० चा आणि १४,००० चालला, तर ३२ पैसे. स्वस्त कोणता, तुम्हीच सांगा.

आणि शेवटचं. नवीन टायरची वरची कातडी गुळगुळीत असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, गाडी फार वाकवणंही नको.

हे सगळं स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुकानात गेलात की घाई करू नका, मोबाईलची टॉर्च लावा, खाली बसा आणि वाचा. दुकानदार हसला तर हसू द्या. इथं बाजारात बैलाचे दात बघणाऱ्याला कुणी हसत नाही.

आप्पांचं मनगट आता बरं आहे, थंडीत जरा दुखतं. मागच्या महिन्यात ते परत माझ्या मागं बसून दौंडला आले. बसायच्या आधी खाली वाकून त्यांनी मागच्या टायरवरचे चार आकडे वाचले. मी काही बोललो नाही, गाडी चालू केली.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वही लिहायला घ्या!