प्रत्येक प्रत वेगळी

महावितरणच्या वीजबिलावर मीटरचा फोटो छापून येऊ लागला, तेव्हा ग्राहकाला रीडिंग घरबसल्या पडताळता येऊ लागलं. छपाईच्या दृष्टीने ती याहून मोठी गोष्ट होती. एका मजकुराच्या हजारो सारख्या प्रती काढणं हे छापखान्याचं मूळ काम. इथे मात्र दर बिलाला नाव वेगळं, आकडे वेगळे आणि चित्रही वेगळं. धंद्यात याला ‘व्हेरिएबल डेटा’ म्हणतात. मुखपृष्ठं, अक्षरजुळणी, खिळ्यांचे छापखाने यांवर आपल्याकडे प्रेमाने लिहिलं गेलं. घराघरांत पोचणाऱ्या या छपाईबद्दलही तितक्याच आस्थेने लिहायला हवं.

गरज जुनीच आहे. गटेनबर्गच्या काळात, १४५४-५५ साली, जर्मनीत चर्चची क्षमापत्रं छापली गेली. मजकूर खिळ्यांनी छापलेला; घेणाऱ्याचं नाव आणि तारीख यांची जागा कोरी, ती हाताने भरायची. पुढे कित्येक शतकं नावाची जागा अशीच भरली गेली. लग्नपत्रिकेच्या पाकिटांचा गठ्ठा आजही घरातल्या सुवाच्य अक्षराच्या माणसासमोरच येऊन पडतो.

यंत्राने आधी बदलला तो आकडा. पावतीपुस्तकावर नंबर टाकणाऱ्या पेटीतली चाकं दर ठशाला एकाने पुढे सरकतात. नोटांचे नंबरही छपाईतच पडतात, आणि तिथे एक अडचण उभी राहते. साध्या छपाईत चार कागद जास्त चालवले की खराब प्रतींची भरपाई होते. प्रत्येक कागदाला स्वतःचा नंबर असेल, तर जास्तीचा कागद कुठून आणणार? रिझर्व्ह बँकेने २००६ पासून खराब नोटेच्या जागी नंबरात तारा असलेली नोट घालायला सुरुवात केली. वैयक्तिक छपाई करणाऱ्या प्रत्येक प्रेसला हाच प्रश्न सोडवावा लागतो: मशीनमध्ये फाटलेला कागद नेमका कोणाचा होता, हे शोधून तेवढा एकच पुन्हा काढायचा.

नाव आणि चित्र बदलायचं तर प्लेटच नाहीशी व्हायला हवी होती. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या झेरॉक्सच्या पहिल्या प्रयोगात त्याची सुरुवात होती. १९९३ मध्ये बेनी लांडा यांच्या इंडिगोने आणि बेल्जियमच्या झाइकॉनने रंगीत डिजिटल प्रेस बाजारात आणल्या. ऑफसेटमध्ये प्लेटवर एकदा उमटलेलं चित्र शेवटपर्यंत तेच राहतं. डिजिटल मशीनमध्ये ड्रमवर विद्युतभार चढवून लेझरने दर पानाचं चित्र नव्याने रेखतात, त्याला टोनर किंवा शाई चिकटते आणि कागदावर उतरते. त्यामुळे पहिल्या पानाला जो खर्च, साधारण तोच हजाराव्याला. मोठ्या कामात म्हणून दोन्ही पद्धती जोडतात: रंगीत कोरा फॉर्म ऑफसेटवर, नाव-आकडे नंतर डिजिटलवर.

कंपन्यांनी याचा जाहिरातीसाठी भरपूर उपयोग केला. कोका-कोलाने २०११ साली ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर दीडशे लोकप्रिय नावं छापली, आणि पुढे जगभर ती लाट गेली. माझ्या लेखी त्याहून महत्त्वाची छपाई आपल्या दाराशी आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना क्रमांक मिळाले. फोटो, बारा आकडे, पत्ता आणि दोन लिप्यांतलं नाव असलेलं, दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचं नसलेलं ते पत्र पोस्टमन घरी आणून देऊ लागला.

अशा कामात मशीन क्वचितच दगा देतं. दगा देते ती यादी. शाळेच्या ओळखपत्रांचं उदाहरण घ्या. एक्सेलच्या एका रकान्यात नाव, दुसऱ्यात तुकडी, तिसऱ्यात फोटोच्या फाइलचं नाव. कोणी फक्त नावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावला, की फोटो जागच्या जागी राहतात आणि नावं सरकतात. कार्डं सुबक छापून येतात, लॅमिनेट होतात, आणि वर्गात वाटताना पहिल्याच मुलाच्या हातात दुसऱ्याचा चेहरा येतो. पत्र आणि पाकीट यांची गल्लत टाळायला खिडकीचं पाकीट आहे. आतल्या कागदावरचाच पत्ता बाहेर दिसतो. फोटोसाठी असा सोपा उपाय नाही. प्रूफ म्हणून पहिली, मधली आणि शेवटची काही कार्डं माणसाने हजेरीपटाशी ताडून पाहावीच लागतात.

मराठीत आणखी गुंते आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. जुनी यादी नीट न बदलता घेतली की विनायकरावांच्या नावातच वेलांटी भलतीकडे जाते. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांचा ऱ्ह तर हमखास तुटतो. नावाची लांबीही सारखी नसते. ‘सई’साठी बेतलेल्या चौकटीत ‘ज्ञानेश्वरी’ मावत नाही, आणि मशीन अक्षर बारीक करतं किंवा शेवट कापतं. वाक्यात नाव घालायचं तर विभक्ती आली, क्रियापदाचं लिंग आलं. म्हणून अनुभवी मजकूरकार ‘यांना’, ‘यांस’ यांचा आधार घेतात, आणि तो योग्यच आहे. नावाआधीचं ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ मात्र अंदाजाने घालू नये. पती गेलेल्या बाईंच्या पाकिटावर ‘सौ.’ छापून गेलं तर त्यापेक्षा कोरं नाव हजारपटीने बरं. माणूस गेल्यावरही वर्षानुवर्षं त्याच्या नावाने पत्रं येत राहतात, आणि घरच्यांना ती दरवेळी उघडावी लागतात. यादी दरवर्षी तपासली तर एवढं दुःख सहज वाचवता येतं.

आता नावाची चौकटच बदलते आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं. या मुलांचे दाखले, ओळखपत्रं आणि पुढे हॉलतिकिटं छापणाऱ्यांना प्रत्येक नमुन्यात एक जागा वाढवायची आहे, यादीत आईचा स्वतंत्र रकाना घालायचा आहे, आणि चार शब्दांचं पूर्ण नाव न कापता बसेल एवढी ओळ मोकळी ठेवायची आहे.