संचबद्ध हेलिकॉप्टर उड्डाणात किरणोत्सारी स्रोतांचा उपयोग : शक्यता व मर्यादा

प्रस्तावना :
भारतीय वायुसेनेच्या २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सारंग’ पथकाने ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांच्या संचबद्ध उड्डाणाचे दर्शन घडविले. अशा उड्डाणात वैमानिक प्रामुख्याने डोळ्यांनीच अंतर राखतो. ‘ध्रुव’च्या मुख्य पंख्याचा व्यास १३.२ मीटर आहे. त्यामुळे दोन हेलिकॉप्टरांच्या पंख्यांच्या केंद्रांत ३० मीटर अंतर असले, तरी पात्यांच्या टोकांमध्ये जेमतेम १७ मीटर उरतात. धुक्यात वा धुळीत हे अंतर कसे मोजावे, हा प्रश्न प्राणांशी निगडित आहे.

तत्त्व :
पुढील हेलिकॉप्टरवर सीझियम-१३७ चा स्रोत व मागील हेलिकॉप्टरवर संवेदक बसविल्यास गॅमा किरणांच्या तीव्रतेवरून अंतर काढता येते. कारण अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांशाहूनही कमी होते. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १२०० ग्रॅम असते, तर तेवढ्याच धुक्यातील पाणी सामान्यतः एक ग्रॅमहून कमी भरते. म्हणून या किरणांना धुक्याचा अडथळा होत नाही. स्रोत ३७ गिगाबेकरेलचा व आदर्श संवेदक १०० चौरस सेंटिमीटरचा मानल्यास, ३० मीटरवर एक दशांश सेकंदात सुमारे २००० किरण नोंदले जातील. त्यांतील सांख्यिकीय चढउतारामुळे अंतरात सुमारे ०.३ मीटरची त्रुटी येईल. ६० मीटरवर मात्र ती एक मीटरहून अधिक होईल.

हे तत्त्व केवळ कागदावरचे नाही. सोयूझ यानाचा भूमीवर उतरण्यासाठीचा उंचीमापक गॅमा किरणांवरच चालतो.

मर्यादा :
किरणोत्सारी स्रोत कवचात झाकता येतो, विझविता येत नाही. उपरोक्त स्रोतापासून एक मीटरवर विनाकवच उभ्या असलेल्या व्यक्तीस सर्वसामान्यांसाठीची वार्षिक मर्यादा, म्हणजे एक मिलिसीव्हर्ट, सुमारे २० मिनिटांत गाठावी लागेल. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे असल्याने अपघातात कवच फुटल्यास धोका दीर्घकाळ टिकेल. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील वापराबाहेर गेलेले कोबाल्ट-६० चे उपकरण भंगारात विकले गेले आणि मायापुरी येथे एका कामगाराचा मृत्यू झाला. स्रोतावरील देखरेख सुटली की काय होते, हे या घटनेने शैक्षणिक संस्थांनाही दाखवून दिले. मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी-व्यवस्था याचसाठी आहे.

निष्कर्ष :
रात्री अवरक्त दिवे व रात्रदर्शी चष्मे, तर धुक्यात उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व रेडिओ संपर्क ही साधने उपलब्ध आहेत आणि ती बंद करता येतात. मापनाची अचूकता हा साधन निवडण्याचा एक निकष होय. ते साधन कोसळल्यावर त्याचे काय होते, हा दुसरा. पहिल्या निकषावर उतरणारा गॅमा स्रोत संचबद्ध उड्डाणासाठी दुसऱ्या निकषावर अपात्र ठरतो.