मेघातील यंत्राची वहिवाट

मुळशी तालुक्यातील सूस हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पण त्यापूर्वीच, एका अंगाला पाषाणच्या प्रयोगशाळा आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडीचे आयटी पार्क असल्यामुळे, संगणकाच्या व्यवसायावर उदरनिर्वाह करणाऱ्यांची बिऱ्हाडे तेथे दाटीने नांदू लागली होती. अशा एखाद्या घरातील विद्यार्थी मायक्रोसॉफ्टच्या अझूर या मेघसेवेत आपले पहिले आभासी यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘व्हीएम’, उभारू लागतो, तेव्हा यंत्र कोणत्या प्रदेशात हवे या प्रश्नापुढे तो ‘सेंट्रल इंडिया’ हा पर्याय निवडतो. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये चेन्नई व मुंबई येथील प्रदेशांसमवेत खुला झालेला हा मध्य भारत वस्तुतः पुण्यातच आहे, हे त्याच्या गावीही नसते.

एकाच बलाढ्य संगणकाची शक्ती अनेकांत विभागून, प्रत्येकास संपूर्ण संगणक आपलाच असल्याची प्रतीती द्यावी, ही कल्पना आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाली आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या रूपाने ग्राहकांपुढे आली. ही वाटणी करणारी प्रणाली म्हणजे हायपरव्हायजर: कोणत्या यंत्रास प्रोसेसरचा किती वेळ द्यावा हे ती ठरवते आणि एकाच्या मेमरीत दुसऱ्यास डोकावू देत नाही. भाडेकरूस मिळते ती वहिवाट, मालकी नव्हे. परंतु त्या वहिवाटीची सरहद्द कसोशीने राखली जाते.

अशा भाड्याच्या गणनशक्तीचे मोल पुण्याला विशेष कळावे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ साली येथे ‘सी-डॅक’ या प्रगत संगणन संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक साकार झाला. ज्या गणनशक्तीसाठी राष्ट्राला परवान्याची प्रतीक्षा करावी लागली, ती आज अल्पांशाने का होईना, विद्यार्थ्यास काही मिनिटांत भाड्याने मिळते. मला या वेगापेक्षाही त्यातून लाभणारी निर्भयता मोलाची वाटते. कारण घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर जो प्रयोग करण्यास मन धजत नाही, तो येथे बिनदिक्कत करावा, फसल्यास यंत्र पुसून टाकावे आणि नवे उभारावे.

प्रारंभ साधा असावा: उबंटू या कार्यप्रणालीची प्रतिमा, आणि एक आभासी प्रोसेसर व एक जीबी मेमरी असलेले ‘बी१एस’ हे लहान आकारमान. मग दूरच्या यंत्रात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या एसएसएच या पद्धतीसाठी किल्ल्यांची जोडी तयार होते. तिच्यातील खासगी किल्ली एकदाच उतरवून घेता येते, म्हणून ती फाइल जपून ठेवावी आणि तिचे वाचनाधिकार फक्त आपल्यापुरते राखावेत, एरवी एसएसएच ती वापरण्यासच नकार देते. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या जगास खुले न ठेवता केवळ आपल्या आयपी पत्त्यास खुले ठेवावे. कारण इंटरनेटवर असे उघडे दार हुडकत फिरणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्यांना यंत्र नवशिक्याचे आहे याची दयामाया नसते.

आणि हिशेब? यंत्राच्या आत शिरून ‘शटडाउन’ म्हटले की आकारणी थांबली, असा नवशिक्याचा समज होतो. पण त्याच्या नावे राखलेली जागा तशीच अडकून राहते आणि देयक चढत जाते. पोर्टलवरून यंत्र थांबवून स्थितीपुढे ‘डीअलोकेटेड’ हा शब्द उमटलेला पाहावा. त्यानंतरही डिस्कचे भाडे चालूच राहते. म्हणून प्रयोग संपल्यावर यंत्र, डिस्क आणि पत्ता ज्यात एकत्र नोंदले आहेत तो संपूर्ण रिसोर्स ग्रुपच काढून टाकावा.