श्रमोत्तर स्नायुवेदना

सवय नसलेले श्रम केल्यानंतर काही तासांनी स्नायूंत सुरू होणाऱ्या व काही दिवसांत आपोआप नाहीशा होणाऱ्या वेदनेस श्रमोत्तर स्नायुवेदना म्हणतात. ‘अंग आंबणे’, ‘पाय भरून येणे’ हे व्यवहारातील शब्दप्रयोग तिलाच उद्देशून आहेत. श्रम चालू असतानाची जळजळ, पोटरीत येणारा गोळा व लचक यांहून ती वेगळी आहे. वेदना साधारणपणे १२ ते २४ तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांत परमावधीस पोहोचते व पाच-सात दिवसांत ओसरते. या काळात स्नायू दाबल्यास किंवा ताणल्यास दुखतो, ताठरतो आणि त्याची शक्ती घटते. स्वस्थ बसले असता मात्र फारसे दुखत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर, नामांतर २०२४) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. पायथ्याच्या बारी गावापासून शिखरावरील देवीच्या मंदिरापर्यंतची चढण सु. ९०० मी. आहे. नवरात्रात भाविक व एरवी हौशी गिर्यारोहक येथे येतात. दम लागतो तो चढताना. परंतु पुढचे दोन-तीन दिवस साधा जिना उतरतानाही मांड्या दुखतात, त्यास मुख्यतः उतरण कारणीभूत असते. चढताना मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताण धरून असतानाच लांबत जातो व शरीराचा भार रोखत रोखत खाली सोडतो. या क्रियेत ऊर्जा कमी खर्च होते, पण कामाला लागलेले तंतू थोडे असल्याने प्रत्येकावरील ताण अधिक असतो. सोपी वाटणारी उतरण अधिक दुखविते ती यामुळे [⟶ स्नायु].

स्नायूंत साठलेल्या लॅक्टिक अम्लामुळे ही वेदना होते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ‘आंबणे’ या शब्दाशी तो योगायोगाने जुळतो, पण तो बरोबर नाही. हे अम्ल श्रमानंतर तास-दीड तासात रक्तातून निघून जाते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात अम्ल वाढले, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांत अम्ल वाढले नाही, पण पाय दुखले. तंतूंच्या सूक्ष्म इजेची कल्पना अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक थीओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडली होती. स्वीडनमधील संशोधकांना १९८१ मध्ये, वारंवार जिना उतरलेल्या व्यक्तींच्या पोटरीच्या स्नायूत सूक्ष्म तंतुकांच्या झेड-रेषा विस्कटलेल्या आढळल्या. इजेनंतरच्या दाहाने वेदनाग्राही तंत्रिका संवेदनशील होतात व त्यास वेळ लागतो. म्हणून वेदना उशिरा जाणवते.

हाच प्रकार घरात, दूरचित्रवाणीसंचासमोरही घडू शकतो. शरीराच्या हालचालींनी नियंत्रित होणारे व्हिडिओ खेळ ‘वी’ (२००६) व ‘किनेक्ट’ (२०१०) या उपकरणांमुळे लोकप्रिय झाले. त्यांतील टेनिसमध्ये हातात रॅकेटचे वजन नसते, चेंडूचा आघातही नसतो. मात्र वेगाने फिरविलेला हात खांद्यामागील स्नायूंनाच लांबत लांबत थांबवावा लागतो. खेळाच्या भरात अशी शेकडो आवर्तने होतात. असा खेळ काही तास खेळल्यावर खांद्याच्या कंडरेस आलेल्या तीव्र दाहाची नोंद एका स्पॅनिश वैद्याने २००७ मध्ये केली. अशी कंडराइजा व साधी स्नायुवेदना एकच नव्हेत.

एकदा इजा झालेला स्नायू भरून येताना त्याच श्रमास अधिक समर्थ होतो व हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यामुळे मोठ्या चढाईपूर्वी दोन-तीन आठवडे लहान टेकडी अथवा जिने उतरण्याचा सराव करणे हा सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय. स्नायू ताणण्याच्या व्यायामाचा उपयोग नगण्य असतो. मर्दनाने व हलक्या हालचालीने तात्पुरता आराम पडतो. शरीरातील पाणी घटले असताना वेदनाशामक गोळ्या घेणे मूत्रपिंडांस अपायकारक ठरू शकते.

क्वचित अतिश्रमाने तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात व त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकते. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, स्नायूंची मोठी सूज आणि असह्य वेदना वा अशक्तता ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.