पुण्याची गाडी, लाहौलचा बर्फ

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मनालीच्या रस्त्यांवर एमएच पासिंगच्या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. सुमारे दोन हजार किलोमीटर स्वतः गाडी चालवत जायचे, वाटेत दिल्लीला मुक्काम करायचा आणि नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायचा, हा बेत पुण्या-मुंबईतील अनेक कुटुंबे आखू लागली आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि या बेतात आणखी एका दिवसाची भर पडली. पूर्वी रोहतांग खिंड बंद झाली की लाहौलचे खोरे जवळजवळ सहा महिने उर्वरित जगापासून तुटत असे. आज मनालीत न्याहारी करून निघालेला पर्यटक दुपारच्या आत बोगद्यापलीकडच्या सिस्सूत बर्फाचे गोळे फेकत असतो.

बोगद्याने अंतर कमी केले, उंची मात्र कमी केली नाही. त्याची दोन्ही तोंडे समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. २७ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग नाला परिसरात अचानक झालेल्या हिमवृष्टीत सुमारे एक हजार वाहने आणि पाच हजार पर्यटक अडकून पडले आणि पोलिसांना त्यांची सुटका करावी लागली. त्याच दिवसांत उतारावर चाके स्तब्ध असूनही घसरत जाणाऱ्या वाहनांची दृश्ये देशभर पाहिली गेली. त्यातील बहुतेक गाड्यांचे इंजिन उत्तम स्थितीत असणार. उणीव होती ती रस्ता आणि गाडी यांच्यामधल्या चार तळहाताएवढ्या जागांची. टायरचा जेवढा भाग प्रत्यक्ष रस्त्याला टेकतो, तो फार तर तेवढाच असतो.

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ६० मीटरही अपुरे पडतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंदभर यात धरलेला नाही, आणि हे आकडे सपाट रस्त्याचे आहेत. उतारावर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

‘आमची गाडी फोर बाय फोर आहे’ हे उत्तर या ठिकाणी हमखास ऐकू येते. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते सहज, चढतेही सहज. परंतु ब्रेक तर प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबण्याच्या वेळी महागडी एसयूव्ही आणि साधी हॅचबॅक या दोघी टायरच्या दयेवर सारख्याच अवलंबून असतात. किंबहुना एसयूव्ही जड असल्याने आणि चढताना मिळालेल्या आत्मविश्वासामुळे तिचा चालक अधिक वेगात असण्याचा संभव असतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ज्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात तो. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर त्याचा पारदर्शक थर गोठतो. तो काळा नसतोच. त्याच्याखालचे डांबर दिसते म्हणून रस्ता नुसता ओला असल्याचा भास होतो. डोंगराच्या सावलीतील वळणे, पूल आणि बोगद्याच्या तोंडाजवळचा भाग ही त्याची आवडती ठिकाणे. संध्याकाळी चार-साडेचारनंतर सिस्सूहून परत निघणारे पर्यटक नेमके याच थरावर येतात.

महाराष्ट्रातील गाड्यांना बसवलेले टायर उष्णता आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. मेमध्ये तापलेल्या महामार्गावर झिजू नये, यासाठी त्यांचे रबर टणक ठेवतात. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली हे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रुतून बसण्याचा त्याचा गुण कमी होतो. म्हणजे बर्फ पडण्यापूर्वीच, नुसत्या थंडीनेच पकड घटलेली असते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे आणि नैसर्गिक रबराचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तो शून्याखालीही मऊ राहतो. त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. त्यांत बर्फ अडकतो आणि बर्फावर बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली बसते. मुलांनी वळलेला बर्फाचा गोळा जमिनीवरचा बर्फ गोळा करत मोठा होत जातो, त्यातलीच ही गोष्ट.

जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना हा विषय नवा नाही. तेथे ऑक्टोबर ते ईस्टर हा हिवाळी टायरचा हंगाम मानला जातो आणि २०१० पासूनच्या स्पष्ट नियमानुसार बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवल्यास दंड होतो. त्या नियमातील एक तपशील भारतातील एसयूव्हीमालकांच्या कामाचा आहे. आपल्याकडील अनेक गाड्यांच्या टायरवर ‘एम प्लस एस’ अशी अक्षरे असतात. मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती पाहून आपले टायर बर्फाचेच आहेत, असा समज होतो. वस्तुतः ही अक्षरे उत्पादकाने नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापलेली असतात, त्यामागे बर्फावरील चाचणीची अट नसते. चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हे चिन्ह असलेला टायरच हिवाळी म्हणून ग्राह्य धरला जातो, नुसती अक्षरे चालत नाहीत.

आठवड्याभराच्या सहलीसाठी पुण्यातील माणसाने हिवाळी टायरचा संच घ्यावा, असे कोणी सुचवणार नाही. आपल्या बाजारात ते सहजी मिळत नाहीत आणि मिळाले तरी एप्रिलच्या उन्हात झपाट्याने झिजतील. आहे तो टायर किती झिजला आहे, हे मात्र पाहायलाच हवे. कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की ही मर्यादा संपली. पण ही मर्यादा बर्फासाठी पुरेशी नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर खोली बंधनकारक आहे आणि बर्फात जाणाऱ्या कोणालाही तोच आकडा प्रमाण मानता येईल. त्याहून कमी असेल, तर टायर बदलण्याचा खर्च सहलीच्या अंदाजपत्रकात धरावा. स्टेपनीही पाहावी. ती बहुधा कोणी पाहत नाही.

टायरमधील हवेचे गणित थोडे गमतीचे आहे. पुण्यात ३० अंश तापमानात ३३ पीएसआय हवा भरून निघालेली गाडी उणे ५ अंशाच्या पहाटे मनालीत उभी असेल, तर केवळ थंडीमुळे हा आकडा २८ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात तो ३० च्या जवळ दिसतो, कारण मनालीच्या दोन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो. दोन परिणाम एकमेकांना काही अंशी खोडून काढतात. म्हणून घरून हिशेब करून जाण्यात अर्थ नाही. मुक्कामी पोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, हवा तपासावी आणि उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत भरावी. बर्फात हवा कमी ठेवली की पकड वाढते, हा सल्ला वाळूवरून आलेला आहे. घाटाच्या डांबरी वळणावर तो अंगाशी येतो.

साखळ्या हा बर्फावरचा खरा उपाय. हिमवृष्टी सुरू झाली की प्रशासन अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडते. मनालीत त्या भाड्याने मिळतात, परंतु टायरच्या बाजूवर छापलेल्या मापाशी जुळणाऱ्याच घ्याव्यात. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांना साखळ्या लावायच्या, म्हणजे बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये पुढच्या चाकांना. चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा अपुरी असलेल्या काही गाड्यांना त्या बसत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. साखळ्या लावल्यावर वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो आणि मोकळे डांबर लागताच त्या काढाव्या लागतात. हे काम बोटे बधिर झालेली असताना, मागे हॉर्न वाजत असताना प्रथमच करणे म्हणजे संकटच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा सराव केल्यास शेजारी हसतील, तेवढेच.

टायरनंतर पाण्याचा क्रम. रेडिएटरमध्ये कूलंट कमी झाले की नळाचे पाणी ओतायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. मुंबईच्या हवेत ती फारशी अंगलट येत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि हे प्रसरण इंजिनाच्या ओतीव धातूलाही तडा देऊ शकते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही. नुसते ग्लायकॉल जास्त सुरक्षित असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ते उणे १३ अंशाच्या आसपासच गोठते. त्यामुळे वर्षभर पाणी ओतून पातळ झालेले कूलंट निघण्यापूर्वी काढून नव्याने भरावे. काच धुण्याच्या पाण्याचेही तेच. साधे पाणी चालत्या गाडीच्या थंड काचेवर उडवले, तर क्षणात त्याचा पांढरा पडदा होतो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. न गोठणारे वॉशर द्रव भरावे. सकाळी काचेवर साचलेल्या बर्फावर गरम पाणी ओतण्याचा मोहही आवरावा, काच तडकते.

बॅटरीचे आयुष्य महाराष्ट्रातील उष्णता खाते आणि त्याची वसुली हिमालयातील थंडी करते. उणे १८ अंशाला शिसे-आम्ल बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनाला फिरू देत नाही. पुण्यात एका सेल्फला सुरू होणारी तीन-चार वर्षांची बॅटरी तेथे दगा देण्याची शक्यता अधिक, म्हणून निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये तिच्यावर भार टाकून चाचणी करून घ्यावी. ऑइलच्या डब्यावरील ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत पातळ. अर्थात, उत्पादकाने सांगितलेल्या श्रेणीबाहेर जाऊ नये.

डिझेल गाड्यांची एक वेगळी पंचाईत आहे. थंडीत डिझेलमधील मेणासारखे घटक वेगळे होतात आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून सुरळीत जाण्याची तापमानमर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी तब्बल १८ अंश अशी आहे. म्हणजे महाराष्ट्रातून टाकी भरून नेलेले डिझेल वर न नेलेलेच बरे. ते वाटेत संपवून डोंगराळ भागात नव्याने भरावे. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. ते नसताना टाकीखाली शेकोटी पेटवणारे ट्रकचालक त्या भागात दिसत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा त्यांचा दुसरा उपाय आजच्या कॉमन रेल इंजिनांच्या पंपाला घातक आहे, कारण रॉकेलमध्ये डिझेलइतके वंगण नसते. नव्या डिझेल गाड्यांतील युरियाचे द्रावण उणे ११ अंशाला गोठते, हे वाचून मात्र घाबरून जाऊ नये. ते वितळवण्याची सोय उत्पादकाने केलेली असते.

रात्री गाडी उभी करताना हॅंडब्रेक ओढू नये. ओलावा गोठून ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली दगड लावावा. ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’वर ठेवून दगड तर लावावाच. वायपर काचेवरून उचलून उभे ठेवावेत.

या साऱ्या तयारीनंतरही गाडी बर्फात अडकू शकते आणि तेव्हाचा धोका घसरण्याचा नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात अडकलेल्या वाहनांमध्ये वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेक जण धडधाकट गाड्यांत, हीटर चालू ठेवून बसलेले होते. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर गाडीतच शिरतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच जातो. अडकल्यास प्रथम उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा आणि तो पुनःपुन्हा काढत राहावा. इंजिन सतत न चालवता तासातून दहा मिनिटे चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. यासाठी डिकीत फावडे, ब्लँकेट, विजेरी, पाणी आणि कोरडा खाऊ असावा. एखादे गोणपाट असल्यास ते फिरणाऱ्या चाकाखाली सारून गाडी बाहेरही काढता येते.

ज्याला हे सारे नको असेल, त्याच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. स्वतःची गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात ठेवावी आणि पुढे स्थानिक टॅक्सीने जावे. त्या चालकाने असे कित्येक हिवाळे पाहिलेले असतात आणि कोणत्या वळणावर किती वाजता बर्फ गोठतो, हे त्याला ठाऊक असते. दोन हजार किलोमीटर चालवून आलेल्या माणसाला हे कमीपणाचे वाटते, हे खरे. तथापि हिमवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी तो टॅक्सीवालाही पुढे जायला नकार देतो, याची दखल घ्यायला हवी.

परतीच्या प्रवासात टायरच्या हवेचे गणित उलटे फिरते. मनालीच्या थंडीत ३३ पीएसआय भरलेली हवा पुण्याच्या उन्हात, गाडी धावत नसतानाही, ३६ च्या पुढे जाते. मैदानात उतरल्यावर, राजस्थानात शिरण्यापूर्वी, ती एकदा कमी करून घ्यावी. साखळ्या भाड्याच्या नसून विकतच्या असतील, तर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवाव्यात. पुढच्या डिसेंबरपर्यंत त्यांना गंज चढतो.