खुब्याचा सांधा : वरून टोपी की पूर्ण बदल?

दोन महिन्यांपूर्वी एक पैलवान माझ्या दवाखान्यात आले. वय 44. तालीम कधीच सुटलेली, पण अंगकाठी तशीच. चालताना मात्र डावा पाय ओढत होते. सोबतच्या मुलाने मोबाईलवर अँडी मरे या टेनिसपटूचे छायाचित्र दाखविले. मरेच्या खुब्यावर जानेवारी 2019 मध्ये ‘रिसरफेसिंग’ झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली, हे खरेच आहे.

‘‘डॉक्टरसाहेब, आबांचा सांधा काढू नका. असंच नुसतं वरून करून द्या,’’ मुलगा म्हणाला.

‘नुसतं वरून’ हे शब्द फसवे आहेत, म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. कटीच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा हा चेंडू. दोन्हींवरचा गुळगुळीत थर झिजला की हाडावर हाड घासते व जांघेत दुखू लागते. गोळ्या, व्यायाम, काठी यांनी भागेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पूर्ण सांधेबदलात हा माथा कापून काढतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवितात, त्यावर नवा चेंडू आणि वर नवी वाटी. 1962 साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी वाटीसाठी विशिष्ट प्रकारचे टिकाऊ प्लॅस्टिक वापरले आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने रुजली. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार असे दहापैकी जवळजवळ सहा सांधे 25 वर्षे टिकतात.

रिसरफेसिंगमध्ये माथा कापत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवितात. वाटीही धातूचीच. ही पद्धत 1990 च्या दशकात बर्मिंगहॅमचे डेरेक मॅकमिन यांनी पुढे आणली. हाड वाचते, चेंडू मोठा असल्याने सांधा सहसा निखळत नाही आणि पुढे टोपी खराब झाली तर पूर्ण सांधा बसविण्यास हाड शिल्लक असते. तरुण, धडधाकट, कष्टाळू पुरुषाला हे फायद्याचे ठरू शकते.

मग तोटा काय? टोपीखालचे हाड ठिसूळ असेल तर पहिल्या काही महिन्यांतच माथ्याखालची मान मोडू शकते. दुसरे म्हणजे धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटतात. ते रक्तात उतरतात आणि काहींच्या सांध्याभोवतीचे मांस खराब करतात. लहान मापाच्या सांध्यात हा धोका अधिक. म्हणूनच 2015 साली रिसरफेसिंगचा एक नावाजलेला सांधा बनविणाऱ्या कंपनीने तो स्त्रियांना बसवू नये असे जाहीर केले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनाही धातूवर धातू नकोच.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. 2008 साली 36 वर्षांच्या एका शिक्षिकेला मीच रिसरफेसिंगचा सल्ला देऊन मोठ्या शहरात पाठविले होते. ‘‘बाई, तुमचं हाड वाचेल,’’ असे मोठ्या खात्रीने सांगितले होते. चार वर्षांनी त्या जांघेतली सूज घेऊन परत आल्या. रक्तात कोबाल्ट वाढलेले निघाले. टोपी काढून पूर्ण सांधा बसवावा लागला. आज त्या शाळेत उभ्याने शिकवितात. पण दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याची वेळ त्यांच्यावर माझ्या सल्ल्यामुळे आली, हे मी विसरलेलो नाही.

आता पुन्हा पैलवानांकडे वळू. अंगाच्या खाजेसाठी ते कित्येक वर्षे कोणालाही न विचारता दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते. अशा गोळ्यांनी किंवा अति दारूने माथ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि हाड आतून मरते. त्यांच्या एमआरआयमध्ये निम्म्याहून अधिक माथा मेलेला होता.

मी मुलाला म्हणालो, ‘‘वासे कुजलेत आणि तू नवी कौलं चढवायला सांगतोस. कौलं कशाच्या आधारावर राहतील?’’

आबा स्वतःच हसले. ‘‘वासेच बदला मग,’’ म्हणाले.

त्यांचा सांधा पूर्ण बदलला. परवा ते काठी न घेता दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे मात्र मी बंद केले आहे. घरात कमोड बसविला आहे. स्टिरॉइडच्या गोळ्याही आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीत आहोत. अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत, तशाच एकदम बंदही करू नयेत.

वाचकहो, शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना हे जरूर विचारा : माझ्या माथ्याचे हाड जिवंत व भक्कम आहे का? माझ्या सांध्याचे माप केवढे? माझे मूत्रपिंड ठीक आहे का? बसविणार तो सांधा कशाचा, आणि तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? सांध्याच्या खोक्यावरील नाव व क्रमांकाची चिकटपट्टी मागून घ्या आणि कागदपत्रांत जपून ठेवा. रिसरफेसिंग आधीच झाले असेल तर घाबरू नका, पण दुखत नसले तरी नियमित तपासणीला जा.

नवी पद्धत प्रत्येकाला चांगलीच असे नाही आणि जुनी म्हणजे टाकाऊ असेही नाही. कोणती निवडायची हे खेळाडूच्या छायाचित्रावरून नव्हे, तर स्वतःचे हाड तपासून ठरवावे.