गाडी थंड होण्याआधीच दोष शोधा

अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाताना कर्जत तालुक्यातील मिरजगाव लागते. उन्हाळ्याच्या दुपारी अशा रस्त्यावर एखादी जुनी पेट्रोल गाडी आचके देत बंद पडते. सेल्फ कितीही मारला तरी ती सुरू होत नाही; पाऊण तासाने मात्र काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. मग अंदाजाने प्लग, कॉइल, पंप असे एकेक बदलले जाते आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते. या दोषाचा पुरावा गाडी बंद असतानाच मिळतो आणि तो बहुधा मालकालाच टिपावा लागतो.

अर्थात, आधी सुरक्षितता. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकाच दाबाने गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. ती थांबेपर्यंत किल्ली काढू नये; स्टिअरिंग अडकू शकते.

आता सेल्फ मारून पाहावा. इंजिन फिरतच नसेल, तर पेट्रोलचा विचार नंतर; बॅटरीचे सैल टर्मिनल, गंजलेली अर्थिंगची पट्टी किंवा खुद्द स्टार्टर यांवर संशय घ्यावा. इंजिन नेहमीसारखे फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर प्रश्न एकच उरतो: पेट्रोल पोहोचत नाही की ठिणगी पडत नाही?

सर्वांत स्वस्त चाचणी टाकीच्या झाकणाची. झाकण उघडताच हवा जोरात आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर हवेचा मार्ग तुंबला असण्याची शक्यता दाट. टाकीत निर्वात पोकळी झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८००, पेट्रोलचा पंप इंजिनलाच जोडलेला असतो. तो तापला की आतील पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह खुंटतो. मुंबईचे टॅक्सीचालक पंपावर ओले फडके ठेवीत, त्यामागचे शास्त्र हेच. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, पण ही युक्ती आजही निदानाला उपयोगी पडते. ओल्या फडक्याने गाडी लगेच सुरू झाली तर दोष पंपाच्या बाजूला. नाही झाली तर इग्निशन कॉइलकडे वळावे. कॉइलमधील बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. प्लगची ठिणगी तपासायची तर जाणत्या माणसाकडूनच, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच नाही.

एमपीएफआय गाडीत किल्ली फिरवून दोन सेकंद कान द्यावा. मागील सीटखालून पंपाची गुणगुण येत नसेल, तर फ्यूज, रिले किंवा पंप दोषी. गुणगुण येते, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नाही, अशा वेळी क्रँक सेन्सर तपासायला सांगावे. तापल्यावर संदेश देणे थांबवणारा हा छोटा भाग अनेकदा शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे तो निर्दोष, असेही नव्हे.

इथेनॉलचाही थोडा विचार हवा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप व सील २० टक्के मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, शिवाय इथेनॉल टाकीतील जुना गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. चढावर किंवा वेगात गाडी दम सोडत असेल, तर पंप बदलण्यापूर्वी फिल्टर पाहावा. त्याचा खर्च पंपाच्या मानाने किरकोळ असतो.

मेकॅनिककडे जाताना ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगू नये. किती किलोमीटरनंतर बंद पडली, झटक्यात की आचके देत, टाकीत पेट्रोल किती होते, किती मिनिटांनी सुरू झाली, हे लिहून न्यावे. झटक्यात बंद पडणे सहसा विजेच्या दोषाकडे बोट दाखवते, आचके देत बंद पडणे पेट्रोलकडे.